कोळसा एक, उत्तरे दोन



गेल्या डिसेंबरात दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना आमच्याकडून एक चूक झाली. या महिन्याचे सदर त्या चुकीतूनच निघाले आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

विज्ञानाच्या पेपरात 'समीकरण पूर्ण करा' असा प्रश्न होता. त्यातले पहिलेच समीकरण अगदी सोपे. कार्बन अधिक ऑक्सिजन, मग बाण, आणि बाणापुढे रिकामी जागा. वर्गातल्या सगळ्या मुलांनी तिथे 'कार्बन डायऑक्साइड' लिहिले. एका मुलीने मात्र दोन उत्तरे लिहिली होती. वर कार्बन डायऑक्साइड आणि खाली बारीक अक्षरात, 'ऑक्सिजन कमी असेल तर कार्बन मोनॉक्साइड'. आमच्या हातातल्या उत्तरसूचीत एकच उत्तर होते. आम्ही तिचा अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. अर्ध्या गुणासाठी आली असेल असे आम्हाला वाटले. ती म्हणाली, "सर, माझं चुकलं असेल तर राहू द्या. पण एक विचारायचं होतं. आमच्या भाभीच्या खोलीत रात्रभर शेगडी असते. थंडी लागते म्हणून दार-खिडकी बंद असते. तिथे या दोन्हींपैकी कोणता वायू निघतो?"

भाभी बाळंतीण होती. बाळ नऊ दिवसांचे होते.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत होते. बीएड करून इतकी वर्षे शिकवतो आहोत, न यायला काय झाले? पण ज्या उत्तराचा आम्ही गुण कापला होता, तेच उत्तर आता त्या मुलीला द्यायचे होते. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिथे काय झाले ते पुढे येईलच. आधी थोडे रसायनशास्त्र, कारण ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ज्या माता-भगिनींची शाळा लवकर सुटली, त्यांनीही हे जरूर वाचावे. यात पाठ करण्यासारखे फारसे काही नाही.

दोन पदार्थ एकत्र आले तर त्यातून काय निघेल, हे आधीच सांगणे म्हणजे उत्पादित ओळखणे. उर्दू माध्यमातली मुले त्याला 'हासिल' म्हणतात, आणि तो शब्द आम्हाला फार आवडतो. हिशेबातही हासिल, रसायनातही हासिल. मुले याची समीकरणे पाठ करतात. पन्नास समीकरणे पाठ केली आणि पेपरात एक्कावन्नावे आले की हात थांबतो. आमच्या अनुभवात, मुलाला तीन प्रश्न विचारायची सवय लागली तर बरीचशी समीकरणे पाठ करावीच लागत नाहीत. एक, समोरासमोर कोण आले आहेत? दोन, किती प्रमाणात आले आहेत? तीन, कुठल्या परिस्थितीत आले आहेत, म्हणजे उष्णता किती, पाणी आहे का, जागा बंद की मोकळी?

पहिला प्रश्न घेऊ. अधातू मूलद्रव्ये, म्हणजे कार्बन, गंधक, फॉस्फरस, ऑक्सिजनमध्ये जळली की ऑक्साइड बनते. कार्बनचे कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे सल्फर डायऑक्साइड. हे ऑक्साइड पाण्यात गेले की आम्ल बनते. आम्लाला चुन्यासारखा आम्लारी भेटला की क्षार आणि पाणी तयार होते. अधातूंच्या अभिक्रियांचा मोठा भाग या तीन पायऱ्यांत मावतो.

चंद्रपूरच्या मुलाला या पायऱ्या शिकायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. आमच्या शहराशेजारी दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथला पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथे रोज जो दगडी कोळसा जळतो, त्यात मुख्यतः कार्बन असतो, थोडे गंधक असते आणि भरपूर राख असते. मग चिमणीतून काय निघणार? कार्बनचे ऑक्साइड आणि गंधकाचे ऑक्साइड. ते पावसाच्या थेंबात विरघळले तर? आम्ल. दहावीचे मूल एवढे स्वतःच्या बुद्धीने सांगू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. त्या क्रमांकामागे धूळ, पाणी, खाणी अशा अनेक गोष्टी होत्या. हवेचा वाटा मात्र या साध्या समीकरणांतून समजतो.

आणि उपाय? तोही तिसऱ्या पायरीवर आहे. सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी आहे, तर त्याला अडवायला आम्लारीधर्मी काहीतरी हवे. स्वस्तात मिळणारा तसा पदार्थ म्हणजे चुनखडी. राजुरा-कोरपना भागात ती इतकी आहे की गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. चिमणीकडे जाणारा धूर चुनखडीच्या ओल्या लगद्यातून नेला तर गंधकाचा वायू त्यात अडकतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने जिप्सम बनते. प्लास्टर ऑफ पॅरिस बनवतात तेच हे जिप्सम. औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडवर देशात पहिल्यांदा मर्यादा घातली गेली ती डिसेंबर २०१५ मध्ये. तेव्हापासून या यंत्रणेची चर्चा वर्तमानपत्रांत येत राहते. त्या चर्चेच्या मुळाशी शाळेतलेच समीकरण आहे.

कार्बनची आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला आम्हाला आवडते. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळ वैरागड आहे. तिथला किल्ला अनेकांनी पाहिला असेल. अकबर बादशहाच्या काळात अबुल फज्लने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. हिरा म्हणजेही कार्बन आणि घुग्घुसचा कोळसा म्हणजेही बहुतांशी कार्बन. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिरा चक्क जाळला. हिरा आणि लोणारी कोळसा सारख्याच वजनाचे घेतले तर कार्बन डायऑक्साइडही सारखाच मिळतो, हे त्याने दाखवले. रूप वेगळे, किंमत वेगळी, पण हासिल एकच. मुलांना हे ऐकून हसू येते आणि पहिला प्रश्न पक्का होतो: वस्तू कशी दिसते ते सोडा, ती आहे कोण ते विचारा.

आता दुसरा प्रश्न, किती? त्या मुलीने याच प्रश्नाचे उत्तर पेपरात लिहिले होते.

कार्बनच्या १२ ग्रॅमना ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला तर पूर्ण ज्वलन होते आणि कार्बन डायऑक्साइड बनते. त्याच १२ ग्रॅमना फक्त १६ ग्रॅम मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड बनते. येणारे तेच दोघे, फक्त एकाची हजेरी निम्मी. एवढ्या फरकाने जो वायू श्वासातून रोज बाहेर पडतो त्याच्या जागी जीव घेणारा वायू तयार होतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. वर आम्ही म्हटले की अधातूंची ऑक्साइडे पाण्यात आम्ल बनवतात. कार्बन मोनॉक्साइड हा या नियमाला अपवाद आहे. तो उदासीन आहे. लिटमसचा रंग बदलत नाही, चुन्याची निवळी पांढरी करत नाही. आगपेटीची काडी ओढली की नाकाला झोंबते, कारण गंधकाचा वायू नाकातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनवतो. नाक जळजळते, आपण मान वळवतो. अल्लाहने दिलेली ही राखण आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र या राखणदाराच्या समोरून निघून जातो आणि त्याला कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, झोंबणे नाही. तो रक्तात शिरतो आणि ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला धरून बसतो. त्याची ही पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळतात, झोप आल्यासारखे वाटते. झोपेत असलेल्याला तर एवढेही कळत नाही.

आता शेगडीत काय होते ते पाहू. खालच्या जाळीतून हवा आत येते. तिथे ऑक्सिजन भरपूर, म्हणून कार्बन डायऑक्साइड बनतो. हा वायू वर चढताना लाल निखाऱ्यांच्या थरातून जातो. तिथे ऑक्सिजन संपलेला असतो आणि तापलेला कार्बन मात्र भरपूर असतो. मग कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू सर्वांत वर आला, तिथे पुरेशी उष्णता आणि हवा असली, तर तो पुन्हा पेटतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. भरलेल्या शेगडीवर निळसर ज्योत नाचताना आपण पाहतो, ती या वायूचीच. एका हातभर शेगडीत तीन अभिक्रिया, तीन मजल्यांवर.

निखाऱ्यांवर राख चढली, ज्योत गेली, की वरचा मजला बंद होतो. मधल्या मजल्यावर बनलेला वायू न जळताच खोलीत येतो. आणि आपल्या घरांत शेगडी आत नेतात ती नेमकी याच वेळी. आधी अंगणात पेटवतात, धूर निघून जाऊ देतात, निखारे लाल झाले की आत नेऊन ठेवतात. धूर नाही म्हणजे आता काही धोका नाही, असे सगळ्यांनाच वाटते.

त्या मुलीच्या घरी आम्ही गेलो तेव्हा मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. शेगडी अंगणात पेटवून ठेवली होती. तिच्या दादींनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. आम्ही विषय काढला. दादी शांतपणे म्हणाल्या, "मास्टरसाहेब, माझी सहा बाळंतपणं याच शेगडीवर झाली. माझ्या सासूचीही तशीच झाली. आम्ही तर जिवंत आहोत."

यावर काय बोलावे? दादींची गोष्ट खोटी नव्हती. आम्ही त्यांना विचारले, "अम्माजी, तेव्हाचं घर कसं होतं?"

त्या म्हणाल्या, "कौलाचं. वारा कुठूनही यायचा. म्हणून तर शेगडी लागायची."

आम्ही वर पाहिले. आता स्लॅब होता. खिडकीला काच होती आणि काचेच्या फटीत डास येऊ नये म्हणून कापड कोंबलेले होते. दाराखाली पायपुसणे गुंडाळून लावले होते. दादींच्या वेळी कौलांमधून जे निघून जात होते, त्याला आता जायला वाट राहिली नव्हती. शेगडी तीच होती, घर बदलले होते. आमचा तिसरा प्रश्न, परिस्थिती कोणती, तो इथे होता.

मुलीने वही आणली. आम्ही तिथेच हिशेब मांडला. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरली. म्हणजे सुमारे २८ घनमीटर जागा. त्यात हवा साधारण ३३ किलो आणि तिच्यातला ऑक्सिजन साडेसात किलोच्या आसपास. एक किलो कार्बन पूर्ण जळायला पावणेतीन किलोच्या जवळपास ऑक्सिजन लागतो. म्हणजे खोलीतल्या ऑक्सिजनचा तिसरा हिस्सा एकटी शेगडी मागते, आणि आई-बाळ त्याच हवेत श्वास घेतात. त्या किलोभर कार्बनचा समजा विसावा भागच, म्हणजे ५० ग्रॅम, अर्धवट जळला, तर ११५ ग्रॅमहून जास्त कार्बन मोनॉक्साइड बनतो. खोली पूर्ण बंद असेल तर हवेच्या दर हजार भागांत साडेतीन भागांपर्यंत हा वायू होतो. एवढ्या हवेत मोठा माणूस तासभरही टिकणे कठीण. खरी खोली इतकी घट्ट बंद नसते, थोडी हवा खेळतेच. पण त्या थोड्यावर नऊ दिवसांचे बाळ सोपवायचे का?

दादी हिशेब ऐकत होत्या. मग मुलीचे अब्बा बोलले. त्यांनी दुर्गापूरची आठवण काढली. जुलै २०२१ मध्ये तिथे रात्री वीज गेली म्हणून एका घरात जनरेटर चालवला गेला. त्याच्या धुराने गुदमरून एकाच कुटुंबातले सहा जण गेले. आमच्या जिल्ह्यात ती बातमी ऐकली नाही असे घर नसेल. जनरेटरच्या इंधनातही कार्बन असतो, आणि बंद जागेत चालणाऱ्या इंजिनातूनही हाच वायू बाहेर येतो. मुलीचे अब्बा एवढेच म्हणाले, "अम्मी, ते लोकही झोपलेलेच होते."

दादी उठल्या, बाहेर गेल्या, आणि शेगडीत पाणी ओतले. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "बरं मास्टरसाहेब, शेगडी गेली. पण बाळाला थंडी लागली तर? त्याचं काय करायचं ते सांगा."

हा प्रश्न त्यांनी विचारला हे फार बरे झाले. दादींचे मूळ म्हणणे बरोबरच होते. नवजात बाळाला ऊब लागतेच, थंडीने बाळ दगावू शकते. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे जे काम केले, ते १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. त्या कामात बाळाला उबदार ठेवणे हा एक महत्त्वाचा भाग होता. तेव्हा ऊब सोडायची नाही, विस्तव सोडायचा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे, डोक्याला टोपी आणि पायांत मोजे घालावेत, ओले दुपटे लगेच बदलावे. निजायच्या आधी गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण उबवून घ्यावे आणि पिशवी काढून मग बाळाला निजवावे. आशाताईंना विचारले तर त्या हे सगळे करून दाखवतात. बाळंतिणीच्या कमरेला शेक द्यायचा असेल तर तोही गरम पाण्याच्या पिशवीने देता येतो. दादींनी हे सगळे नीट ऐकून घेतले. मोजे मात्र त्यांनी स्वतः विणलेलेच घालायचे, अशी अट घातली. ती आम्ही ताबडतोब मान्य केली.

ज्या घरांत शेगडीशिवाय भागतच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंगलपट्ट्यातल्या गावांत अशी घरे अजून पुष्कळ आहेत. विस्तव असलेल्या खोलीत झोपू नये. शेकायचे असेल तर जागेपणी शेकावे, समोरासमोरच्या दोन वाटा उघड्या ठेवाव्यात, आणि निजण्याआधी शेगडी घराबाहेर ठेवावी. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की धोका टळतो, असे काही ठिकाणी मानतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे त्या भांड्याचा काही उपयोग नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी-मळमळ सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर जेवणावर संशय घेण्याआधी शेगडीवर घ्यावा. कोणी बेशुद्ध दिसले तर आधी दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, १०८ ला फोन करावा आणि दवाखान्यात न्यावे. तिथे त्याला ऑक्सिजन देता येतो.

याच तीन प्रश्नांनी घरातली आणखी एक दुर्घटना टळू शकते, ती सांगतो. रमजानच्या आधी आपल्याकडे घराची झाडलोट निघते. न्हाणीघर, संडास घासले जाते. एकीकडे ब्लीचिंग पावडर असते, दुसरीकडे फरशी साफ करायचे ॲसिड. दोन्ही वापरले तर दुप्पट स्वच्छ होईल, असे वाटते. पण समोरासमोर कोण आले? ब्लीचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. हासिल काय? कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि क्लोरीन वायू. हाच क्लोरीन २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला होता. त्यातल्या त्यात बरे एवढेच की तो झोंबतो, नाक ओरडून सांगते. तरी बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसे जाळू शकतो. म्हणून दोन्ही एका दिवशी, एका जागी वापरू नयेत. एक वापरले तर भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

आणि तीच ब्लीचिंग पावडर पावसाळ्यात गावच्या विहिरीत टाकतात तेव्हा? तिथेही क्लोरीनच कामाला येतो, पण अगदी थोडा आणि पुष्कळ पाण्यात. त्याने जंतू मरतात, माणसे वाचतात. पुन्हा तोच प्रश्न, किती?

शेवटी एक आनंदाचे उदाहरण. पूर्वी मोहल्ल्यात कल्हईवाले चाचा यायचे. तांब्याची देग लाल तापवायची, तिच्यात नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले की देग चांदीसारखी चमकायची. उर्दूत या नवसागराला नौशादर म्हणतात. जाबिर बिन हय्यान यांच्या नावाने जे कीमियाचे जुने ग्रंथ प्रसिद्ध आहेत, त्यांत या नौशादरला मोठे स्थान आहे. तापलेल्या तांब्यावर नवसागराचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा वायू आम्लधर्मी, तो तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो आणि कथील नीट धरते. हवेत वर गेल्यावर थंड होऊन हे दोघे पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागर होतो. तो पांढरा धूर म्हणजे हा परत जमलेला नवसागर. तापले की मोडते, निवले की जुळते. परिस्थिती बदलली की बाण उलटा फिरतो.

जाबिर यांच्याच नावाच्या ग्रंथांत एक मोठा गट 'मवाझीन'चा आहे, म्हणजे तराजूंचा. हे सगळे लेखन एकाच माणसाचे नसावे, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. तरी प्रत्येक पदार्थात काय किती आहे ते मोजून पाहिले पाहिजे, हा विचार त्यात आहे. मीझान हा शब्द आपल्या घरांत परका नाही. सूरह रहमान ज्यांना पाठ आहे, त्यांना तो रोज भेटतो. समीकरण 'संतुलित करा' असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा हीच तराजू त्यांच्या हातात देत असतो. दोन्ही बाजूंचे अणू मोजून सारखे करायला लावून आपण गुण देतो आणि थांबतो. ती तराजू घरी न्यायला सांगायचे राहून जाते.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणीच देतो. रात्री निजण्याआधी शेगडी बाहेर ठेवणे हा उंट बांधण्याचाच प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तो पेपर परत मागवला. सगळ्यांसमोर सांगितले की या उत्तरात चूक आमची होती. प्रश्नात ऑक्सिजन किती ते लिहिलेले नव्हते, तेव्हा पूर्ण उत्तर फक्त या मुलीनेच दिले होते. तिचा अर्धा गुण परत दिला. एका मुलाने लगेच हात वर केला, "सर, मग आमचा अर्धा कापणार का?" सगळा वर्ग हसला. आम्ही कापला नाही, पण घरी एक काम दिले. आपापल्या घरात विस्तव कुठे असतो, रात्री तो कुठे जातो आणि त्या खोलीला किती वाटा आहेत, हे वहीत लिहून आणायचे.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वह्यांपैकी सात वह्यांत रात्रीचा विस्तव झोपायच्या खोलीत होता. त्या सात घरी जायचे आम्ही ठरवले. या आठवड्यापर्यंत पाच झाली आहेत, दोन राहिली आहेत. वाचकहो, तुमच्या घरचे हे एक पान तुम्हीही आज लिहून पाहा.